काचबिंदू: थेंब आणि ऑपरेशन सांभाळताना या चुका टाळा

काचबिंदू बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते, मधलं मात्र स्वच्छ दिसत राहतं, त्यामुळे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस बरीच सुकेपर्यंत पत्ताच लागत नाही. मी १४ वर्षं थेंब घालतेय आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशनही झालंय. तपासणीला गेलं की शेजारी बसलेल्यांकडून अजून त्याच चुका ऐकू येतात आणि जीव तुटतो, कारण या आजारात गेलेली नजर परत मिळत नाही.

तपासणीपुरते थेंब घालणं ही सगळ्यात घातक चूक, आणि ती मी स्वतः केलीय. पहिली दोन वर्षं रात्रीचा थेंब आठवला तर घालायचे. तारीख जवळ आली की मात्र आठवडाभर आधीपासून न चुकता. डोळ्याच्या आतलं प्रेशर, जे कमी ठेवायला हे थेंब असतात, ते निघायचं १५, कधी १४. पण फील्ड टेस्टच्या, म्हणजे नजर कडेपर्यंत कुठे कुठे पोचते ते बघणाऱ्या तपासणीच्या कागदावर नाकाकडच्या बाजूचा काळा डाग, म्हणजे न दिसणारा भाग, दर वेळी थोडा पसरलेला. डॉक्टरांनी जो अर्थ लावायचा तोच लावला: हिच्या नसेला १५ सुद्धा झेपत नाही. मग दुसरी बाटली आली, पाठोपाठ तिसरी. तिसरीनं डोळे लालबुंद झाले, पापण्यांना खाज सुटली. ऑपरेशनचं बोलणं निघालं तेव्हा मला राहवलं नाही, खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. हातातला कागद खाली ठेवून एवढंच म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं आपण चुकीच्या आकड्यावर औषध ठरवत होतो." त्या रात्रीपासून एकही थेंब चुकवला नाही. डावा डोळा आजही एकाच बाटलीवर स्थिर आहे. उजव्याची नस तोवर फार खचली होती, त्याला पुढे ऑपरेशन लागलंच.

"घालून काही फरकच पडत नाही" असं नवे लोक महिन्याभरात म्हणू लागतात. दिसण्यात फरक पडणारच नाही. उरलेली नस वाचवणं एवढंच थेंबांचं काम आहे, आणि ते रोज घातले तरच होतं. चुकलाच कधी थेंब तर डॉक्टरांना सांगा, हातचं राखून बोलू नका.

थेंब घालायची पद्धतही बहुतेकांची चुकते. उभ्या-उभ्या, मान जराशी वर करून, घाईत. मी सरळ आडवी होते. एका बोटानं खालची पापणी ओढून खोबण करायची, बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा म्हणजे थरथरत नाही, आणि टोक पापणीला न लावता एकच थेंब सोडायचा. माझी बाटली फ्रिजमध्ये असते, त्यामुळे थेंब आत पडला की गार लागतो आणि शंका उरत नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. उघडझाप करायची नाही. त्या कोपऱ्यातूनच औषध नाकात आणि पुढे रक्तात उतरतं. टिमोलॉलसारखं औषध असेल तर त्यानं नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर थेंब लिहून घेण्याआधीच सांगायला हवं.

एकावर एक दोन थेंब घालून काही साधत नाही. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावर ओघळतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा, बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकायच्या असतात.

खाज, लाली, चुरचुर यासाठी स्टेरॉइडचे थेंब मनानं घालणं तर सोडूनच द्या. त्यानं अनेकांचं प्रेशर चढतं, आणि चढलेलं कळतही नाही.

"प्रेशर २१च्या आत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत आहे, मग काळजी नाही" हेही खरं नाही. प्रेशर २१च्या आत असूनही नस सुकलेली माणसं असतात. तुमच्या नसेला किती प्रेशर झेपतं ते नसेची तपासणी आणि फील्ड टेस्ट बघून ठरतं. फील्ड टेस्ट कंटाळवाणी आहे हे मान्य, पण ती टाळू नका.

मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन्ही नावांत बिंदू, त्यामुळे मोतीबिंदूसारखं "पिकू दे, मग काढू" म्हणत थांबणारे भेटतात. काचबिंदूत पिकण्यासारखं काही नसतं, थांबलात तेवढी नजर जाते. ऑपरेशननंही दृष्टी परत येत नाही. ट्रॅबेक्युलेक्टमी या काचबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून देतात आणि ते पाणी वरच्या पापणीआड, बुबुळाच्या वर एका फुगवट्यात साठून जिरतं. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तपासण्या ऑपरेशनइतक्याच महत्त्वाच्या: वाट बुजते आहे की पाणी जास्त वाहतं आहे ते तेव्हाच सावरता येतं. दुसऱ्या डोळ्याचे थेंब या गडबडीत बंद करू नका, हीही नेहमीची चूक.

माझ्या दादाला मीच ओढून तपासायला नेलं होतं, कारण सख्ख्या भावंडांना धोका जास्त. त्यालाही काचबिंदू निघाला आणि पुढे ऑपरेशन झालं. चार वर्षांनी एका सकाळी त्याचा तो डोळा लाल झाला, चिकट पाणी येऊ लागलं. डोळे आले असतील म्हणून तो घरातलेच जुने थेंब घालत बसला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "जरा धूसर दिसतंय गं." ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला तसाच दवाखान्यात नेला. फुगवट्याला जंतुसंसर्ग झाला होता, पण अजून तो आतपर्यंत पोचला नव्हता. तासातासाला औषध चाललं, रात्रभर वहिनी घड्याळ बघत बसली. डोळा वाचला. असा संसर्ग ऑपरेशननंतर कितीही वर्षांनी होऊ शकतो. लाली, दुखणं, चिकट स्राव किंवा धूसरपणा यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी जायचं. आता दादाच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: कुठल्या डोळ्याचं कुठलं ऑपरेशन, कधी झालं, कुठले थेंब चालू आहेत. तशीच एक माझ्याही पर्समध्ये आहे.