मटार फ्रीझ करताय? या चुका टाळा

थंडीत जबलपूरकडचा मटार बाजारात उतरतो, भाव कोसळतो, आणि घरोघरी पिशव्या भरभरून शेंगा येतात. एप्रिल उजाडला की मला फोन सुरू होतात. "मावशी, मटाराला वास का येतोय?" उत्तर दरवर्षी तेच असतं: उकळत्या पाण्याचा वेळ वाचवलात म्हणून.

माझ्या भाचेसुनेने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. मटार उकळायची गरजच नाही, धुवा, पिशवीत भरा, फ्रीझरमध्ये टाका, झालं. तिने तसंच केलं, तेही सगळा मटार एकाच पिशवीत आणि पुसायचा कंटाळा करून ओलाच. अक्षय्य तृतीयेला पाहुणे येणार म्हणून पॅटिसचा बेत ठरला. पिशवी उघडली तर आत विटेएवढा गोळा! तो वरवंट्याने फोडावा लागला. फुटलेले दाणे मळकट खाकी रंगाचे, आणि सारण परतायला घेतल्यावर स्वयंपाकघरात वाळक्या गवताचा वास. आलं-मिरची दुप्पट घातली तरी तो गेला नाही. शेवटी बटाट्याच्याच पॅटिसवर भागवलं.

कारण साधं आहे. दाण्यात एन्झाइम असतात, आणि थंडीने ते मरत नाहीत, नुसते मंदावतात. वजा अठरा अंशांनाही त्यांचं काम हळूहळू चालू राहतं. रंग, चव, वास, सगळं तेच बिघडवतात. त्यांना थांबवते ती उष्णता.

माझी पद्धत अशी. मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी खळखळून उकळायचं आणि एका वेळी अर्धा किलोच दाणे टाकायचे. घाईची मंडळी छोट्या पातेल्यात दोन किलो कोंबतात, मग पाणी गार पडतं आणि दाणे धड शिजतही नाहीत, धड कच्चेही राहत नाहीत. पुन्हा उकळी फुटली की घड्याळ लावून दीड मिनिट. अंदाजाने नाही, घड्याळ लावूनच! लगेच चाळणीत उपसून बर्फाच्या पाण्यात, तेही निदान तेवढाच वेळ. मग पंचावर पसरून पूर्ण कोरडे करायचे. मी पंखा लावते आणि पंचा एकदा बदलते. ताटात एकेरी थर पसरून ते ताट आधी फ्रीझरमध्ये ठेवायचं, दाणे खडखडीत झाले की पिशवीत भरून हवा दाबून काढायची. मग मूठभर हवे तेव्हा मूठभरच निघतात.

रंग टिकावा म्हणून सोडा घालू नका. दाणे हिरवेगार दिसतात खरे, पण मऊ पडतात आणि क जीवनसत्त्व जातं. चिमूटभर साखर घालणाऱ्यांशी मी भांडत नाही.

दुसरी चूक आधीच्याइतकीच मोठी, पण तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. सगळा माल एकाच दिवशी फ्रीझरमध्ये भरायचा. फ्रीझरच्या दर २८ लिटर जागेत दिवसाला साधारण एक किलो ताजी भाजी नीट गोठते. घरच्या दोन दारांच्या फ्रिजचा वरचा कप्पा पन्नास-साठ लिटरचा धरला, तर दिवसाला दोन किलो दाणे, बस्स. जास्त भरलं की गोठायला वेळ लागतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, दाण्याच्या पेशी फुटतात आणि उसळीत सालं वेगळी, गर वेगळा. शेजारचं आइस्क्रीम वितळतं ते निराळंच. म्हणून शेंगाही टप्प्याटप्प्याने आणा. तोडल्यापासून दाण्यातली साखर भराभर पिठूळ होत जाते, तेव्हा आणलेल्या शेंगा त्याच दिवशी सोला. रविवारी आणून बुधवारी सोललेला मटार गोड लागत नाही म्हणून फ्रीझरला दोष देणारे मला माहीत आहेत.

बाकीचं थोडक्यात. फरसबी आणि फ्लॉवरचे लहान तुरे तीन मिनिटं, गाजराच्या फोडी दोन. काकडी आणि कच्चा बटाटा फ्रीझरला दाखवूसुद्धा नका. खवलेला नारळ न उकळता ठेवला तरी चालतो. मेथी दोन मिनिटं उकळून, पिळून ठेवता येते, पण आपल्याकडे ती बारा महिने मिळते, मग हा उपद्व्याप कशाला? पिशवीवर तारीख लिहा. वापरताना दाणे बाहेर काढून ठेवायचे नाहीत, तसेच फोडणीत टाका. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा पुरेसा थंड नसतो, त्यातला मटार दोन-तीन आठवड्यांत संपवा. नीट थंड फ्रीझरमध्ये तो आठ महिने सहज राहतो.

वीज गेली की दर तासाला दार उघडून बघणारेही असतात. उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. वीज आल्यावर दाण्यांवर बर्फाचे कण दिसत असतील तर पुन्हा गोठू द्या, पोत थोडा उतरेल एवढंच. पूर्ण सुटून कोमट झाले असतील तर वास घेऊन चर्चा करत बसू नका, टाकून द्या.