शुगर असताना उपास कसा करावा

आमच्या घरात महिन्याला दोन एकादश्या, एक संकष्टी, शिवाय श्रावणी सोमवार, नवरात्र आणि महाशिवरात्र. मला टाइप २ मधुमेह आहे, रोजच्या गोळ्या आहेत, आणि तरी मी उपास करते. सगळे मात्र नाही. कोणते करायचे ते नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की डॉक्टरांसमोर बसून ठरतं. माझी पद्धत सांगते. कराडच्या एका निवृत्त शिक्षिकेची आहे, तेव्हा थोडी दटावणीही सोसा.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. "उपास केला तर चालेल का?" एवढंच विचारू नका. "संकष्टीला दुपारी एकदा फराळ करीन, मग थेट चंद्रोदयानंतर जेवीन, रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. कोणती गोळी कधी घेऊ?" असं विचारा. गोळी-गोळीत फरक असतो. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर फार खाली जायची भीती कमी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. पुष्कळदा एकाच गोळीत दोन औषधं असतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. ती घेऊन पाणी न पिता दिवस काढला तर अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) वाढण्याचा धोका असतो.

"बाई, हरितालिका निर्जळी करायची नाही," असं मला डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी बजावलं. (ते माझे विद्यार्थी. आता गृहपाठ ते देतात.) इन्सुलिन घेणारे, गरोदर बायका, मूत्रपिंडाचा त्रास असलेले, वरचेवर शुगर खाली जाणारे, यांनी डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट करू नये. आणि आपल्या मनानं गोळी बुडवायची किंवा अर्धी करायची नाही. माझं वेळापत्रक शेजारणीनं मागितलं तरी मी देत नाही. तिची गोळी वेगळी आहे.

आता ताट. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे खरं दुखणं. शाबू म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च: १०० ग्रॅम कोरड्या शाबूत ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं नावाला. त्याच्या जोडीला बटाट्याची भाजी, केळं, वर दोन-तीन वेळा गोड चहा. पोट हलकं वाटतं आणि शुगर २५०च्या पुढे. भगर पचायला हलकी म्हणून लोक दोनदा वाढून घेतात, पण शुगरच्या हिशेबात ती भाताच्याच पंगतीतली. म्हणून माझ्या ताटात राजगिऱ्याची एक छोटी भाकरी किंवा दोन-तीन डाव भगर, दोन्ही एकदम नाही. वर दाण्याची आमटी, गूळ न घालता. वाटीभर दही, काकडीची भरपूर कोशिंबीर, जिरं-मिरचीवर परतलेला दुधी किंवा लाल भोपळा. आधी कोशिंबीर-दही खाते, भाकरी मागाहून. रताळं आवडतं, तर उकडून चार फोडी, आणि त्या दिवशी भाकरी नाही. शाबूची खिचडी वर्षातून आषाढीला आणि महाशिवरात्रीला, अर्धी वाटी, दह्याबरोबर. एवढी तरी खाणारच. फराळानंतर १५ मिनिटं अंगणात चालते. दिवसभर पाणी आणि पातळ ताक चालू असतं.

उपासाच्या दिवशी शुगर मोजायचं यंत्र जवळ हवंच. मी उठल्यावर, फराळानंतर दोन तासांनी, दुपारी चारच्या सुमारास आणि उपास सोडण्याआधी मोजते. मधे कसंतरी वाटलं तर तेव्हाही. हात साबणानं धुऊन, कोरडे करून मगच टोचायचं. बोटाला खजूर-केळ्याचा चिकटा असेल तर आकडा खोटा चढतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध दुखतं. साधारणपणे जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवल्यावर दोन तासांनी १८०च्या आत हवी. तुमचं वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर वेगळे आकडे देतील, ते पाळा.

७०च्या खाली गेली तर उपास तिथेच संपला. हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं, उगाच चिडचिड होते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून खालीच असेल तर परत तेवढीच साखर. ७०च्या वर आली की थोडं खाऊन घ्यायचं. पेढा-बर्फी नको, त्यातल्या स्निग्धानं साखर सावकाश चढते. पांडुरंगाची माफी मागायची असेल तर नंतर मागा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आकडा ३००च्या वर गेला तरी उपास सोडा आणि डॉक्टरांना फोन करा.

नवरात्रात आमच्याकडे बऱ्याच बायका नऊ दिवस अनवाणी राहतात. शुगरवाल्यांनी हे करूच नये. पुष्कळांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. चप्पल घालून देवीला जा, देवळाच्या दारात काढा, घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवाला बसवा. फोड किंवा चीर दिसली तर घरगुती लेप न लावता दुसऱ्या दिवशी दाखवून या.