टूर्निकेट बांधण्याआधी हात चाचपा

वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदर मंडळींना मी पहिल्याच दिवशी सांगते: सलाईन लावायची असो की रक्त काढायचं असो, हात आधी चाचपायचा आणि मगच टूर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, बांधायचं. पट्टा जास्त आवळला गेला की खालच्या धमनीचा ठोकाही बंद पडू शकतो, आणि कातडीखाली आलेली धमनी मग थेट शिरेसारखी भासते.

दंडातली ब्रेकियल धमनी कोपराच्या खोबणीत फुटते: अंगठ्याकडे रेडियल, करंगळीकडे अलनर. बहुतेकांचं असंच असतं. पण शंभरातल्या दहा-पंधरा हातांमध्ये रेडियल दंडातच, कधी तर काखेतच वेगळी झालेली असते. अलनर अशी वरून निघणं त्याहून कमी आढळतं, पण आपल्या कामात मला भीती तिचीच वाटते. नेहमीची अलनर स्नायूंखाली दडलेली असते. ही मात्र स्नायूंच्या वरून, शिरांच्या शेजारून धावते. कोपरात शीर आणि ब्रेकियल धमनी यांच्यामध्ये बायसेप्सचा एक चिवट पडदा असतो, त्याच्या भरवशावर आपण तिथे सुई घालतो. ही अलनर बऱ्याचदा त्या पडद्याच्याही वरून जाते.

एका आजींच्या हातावर मी मुलींना हे दाखवलं होतं. कातडी पातळ, आणि कोपरापासून करंगळीच्या बाजूला नागमोडी गेलेली जाड दोरी. "काय छान शीर आहे!" असं सगळ्या एकदम म्हणाल्या. मी खिडकीकडून उजेड तिरपा पडेल असा हात वळवला. प्रत्येक ठोक्याला तिथली कातडी किंचित उचलली जात होती. मग प्रत्येकीला बोट ठेवून बघायला लावलं.

तर चाचपायचं असं. हात सरळ, तळवा वर. तर्जनी आणि मधलं बोट अगदी हलकं ठेवा, कारण दाबलं तर वरवरची धमनी बोटाखाली चेपते आणि ठोका लागतच नाही. दंडाच्या आतल्या बाजूने कोपरापर्यंत या, तिथून दोन्ही बाजूंनी मनगटाकडे. जिथे टोचायचं ठरवलंय तिथे ठोका लागला, तर ती जागा सोडा. शीर दाबली की रिकामी होते, हात वर उचलला की बसते, आणि तिला ठोका नसतो.

मनगटाला अंगठ्याच्या बाजूची शीर सगळ्यांच्या आवडीची, म्हणून तिथे विशेष जपा. काहींची रेडियल मनगटाच्या वरच वळते आणि अंगठ्याच्या स्नायुबंधांवरून हाताच्या मागच्या बाजूला जाते, म्हणजे नेमकी त्या शिरेच्या शेजारी. नेहमीच्या जागी नाडी लागत नसेल तर तिथे शोधा. ती तिथे सापडली तरी दोन्ही हातांचं बीपी घेऊन डॉक्टरांना सांगाच, कारण नाडी क्षीण लागण्यामागे धमनीचा आजारही असू शकतो.

इंट्राकॅथ (सलाईनसाठी आत राहणारी बारीक नळी) घातल्यावर लालभडक रक्त ठोक्याठोक्याने आलं तर धमनी लागली हे कळतंच. पण बीपी पडलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पेशंटचं धमनीतलं रक्तही काळपट आणि संथ येतं, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. सलाईन उतरत नाही आणि रक्त नळीत वर चढतंय, किंवा औषध देताना पेशंट "बोटांत आग होतेय" म्हणतोय आणि बोटं पांढरी पडताहेत, की तिथेच थांबा. इंट्राकॅथ उपटू नका. पुढचे उपचार त्याच वाटेने द्यावे लागू शकतात. भूलतज्ज्ञांना तातडीने बोलवा. थायोपेन्टोन (भुलीचं औषध) किंवा प्रोमेथाझिन (अ‍ॅलर्जी-उलटीवरचं औषध) धमनीत गेलं तर बोटं काळी पडून कापावी लागू शकतात, म्हणून इथे संकोच करायचा नाही.

एबीजीसाठी (धमनीतल्या रक्तातले वायू तपासण्यासाठी) रेडियलला सुई लावण्याआधी, एकट्या अलनरने तळव्याला पुरेसं रक्त मिळतं का हे बघणारी अ‍ॅलन चाचणी करावी. एडगर अ‍ॅलन यांनी ती 1929 मध्ये मांडली. आपण करतो ते तिचं सुधारलेलं रूप. पेशंटला मूठ घट्ट आवळायला सांगा, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरा, मूठ उघडायला लावा. बोटं मागे ताणू देऊ नका, त्याने तळवा उगाच पांढरा राहतो. आता फक्त अलनर सोडा. पाच ते दहा सेकंदांत लाली यायला हवी. रंग परतला नाही तर तळव्यातली धमन्यांची कमान अपुरी असेल किंवा अलनर कमजोर असेल, तेव्हा दुसरा हात बघा. दोन्ही नीट दाबूनही तळवा पांढराच होत नसेल, तर काहींच्या हातात मधून जाणारी मीडियन धमनीही तळव्याला रक्त पुरवत असते, हे ध्यानात असू द्या. चाचणी चांगली आली म्हणजे धोका संपला असं नाही. सुई काढल्यावरही बोटांचा रंग आणि ऊब तपासत राहा.

वेगळी धमनी सापडली की केसपेपरवर ठळक लिहा: "उजवा हात, कोपराच्या आतल्या बाजूला वरवरची धमनी, येथे सुई लावू नये." आणि तेच पेशंटला व नातेवाइकांना बोट ठेवून दाखवा, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर ते स्वतः सांगू शकतील.