अडलेली कविता अभंगाच्या साच्यातून कशी सोडवावी

कविता अडली की मूड येण्याची वाट पाहावी, डोंगरात फिरून यावे किंवा मनात येईल ते लिहीत सुटावे, असे सल्ले सर्रास दिले जातात. इतकी वर्षे लिहिल्यावर आणि नव्या कवींच्या वह्या वाचल्यावर या सल्ल्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. काहीही लिहिण्याची मुभा असते तेव्हाच पुढची ओळ सुचत नाही. अशा वेळी बंधन उपयोगी पडते आणि मराठीत त्यासाठी ‘मोठा अभंग’ या छंदाइतका सोयीचा साचा मला माहीत नाही.

आधी कवितेचा विषय एका साध्या गद्य वाक्यात लिहावा. उदाहरणार्थ, ‘गावाकडचे बंद घर आठवते.’ त्याखाली त्या घरातल्या वस्तूंची नुसती नावे मांडावीत.

आता साचा. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे. लघुगुरू, म्हणजे अक्षरांचा ऱ्हस्व-दीर्घपणा, पाहायचा नाही. जोडाक्षर एकच धरायचे. हा छंद भक्तीपुरताच आहे, असा संकोच मनात आणू नये, बा. सी. मर्ढेकरांनी १९४०च्या दशकात यंत्रयुगातली घुसमट व्यक्त करण्यासाठी अभंग आणि ओवी हेच छंद वापरले.

खरी अडचण यमकापाशी येते. मीही इथेच फार काळ अडकत असे, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि ‘आले-गेले’, ‘होते-जाते’ अशी यमके कष्टाविना जुळतात. साचा भरतो, पण कविता हलत नाही. हे कडवे पाहा:

घर आठवले
मन हेलावले
डोळे पाणावले
पुन्हा पुन्हा

अक्षरसंख्या अचूक आहे, यमक तर तीनदा साधले आहे, आणि तरीही यातले घर कोणाचेही असू शकते. म्हणून माझा नियम कडक आहे: यमकाच्या जागी क्रियापद येऊ द्यायचे नाही, तिथे नामच हवे. वस्तूंच्या यादीकडे परत जावे आणि एकमेकांशी जुळणारी दोन नामे शोधावीत. जात्यावरची ‘धूळ’ हाती आली की कान आपोआप ‘मूळ’ शोधू लागतो. घराचा आणि मुळाचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना भिंतीत रुजलेला पिंपळ दिसतो, जो कविता अडली होती तेव्हा कवीच्या मनातही नव्हता:

कुलपाला गंज
जात्यावर धूळ
भिंतीमध्ये मूळ
पिंपळाचे

आठवण हा शब्द न वापरता ती इथे आली आहे, शिवाय ते घर आता आतून फुटते आहे, हेही कळते. अक्षरे कमी पडली तर ‘च’, ‘ही’, ‘तो’ यांची भरताड करून संख्या पुरी करू नये. पूर्ण चरण खोडून वेगळी वस्तू घ्यावी. यमकासाठी शब्दकोश उघडणेही टाळावे, कारण तिथला शब्द आपल्या घरातला नसतो. चौथा चरण मात्र सर्वांत जपावा: अवघ्या चार अक्षरांचा असल्यामुळे त्यात स्पष्टीकरण घुसवण्याचा मोह होतो, आणि ‘पिंपळाचे’च्या जागी ‘दुःख माझे’ आले की सगळे कडवे कोसळते.

हे सर्व बोटांवर अक्षरे मोजत, तोंडाने म्हणत करावे. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्यांच्या ओव्या तोंडीच रचल्या गेल्या. जो चरण म्हणताना जीभ अडखळते, तो बदलावा.

अशी तीन-चार कडवी झाली की साचा ठेवायचा की नाही ते ठरवावे. कविता मुक्तछंदात जाऊ पाहत असेल तर खुशाल जाऊ द्यावी. फक्त धूळ, मूळ आणि पिंपळ सोबत न्यावेत, आणि सुरुवातीचे गद्य वाक्य खोडून टाकावे.