कथेतल्या साहेबांना आधी एक रायटर द्या

मी ३१ वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली १८ रायटर म्हणून. रायटर म्हणजे तपास अधिकाऱ्याच्या शेजारी बसून पंचनामे, जबाब, रिमांड रिपोर्ट लिहिणारा हवालदार. निवृत्त झाल्यापासून ओळखीतले दोन-तीन जण आपापल्या रहस्यकथा वाचायला देतात. कथा झकास असतात, पण एकातही रायटर नसतो. इन्स्पेक्टर येतात, प्रेतावर नजर टाकतात, रुमालात धरून पिस्तूल उचलतात आणि जीपमध्ये बसून निघून जातात. (रुमालानं ठसे वाचत नाहीत, पुसले जातात.) मला प्रश्न पडतो, हे सगळं लिहून कुणी घेतलं?

म्हणून माझा सल्ला एकच. घटनास्थळाचा प्रसंग लिहिण्याआधी त्याचा पंचनामा लिहा. तो छापायचा नाही, स्वतःपुरता ठेवायचा. सुरुवात चतुःसीमेपासून करा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस शेजाऱ्याची भिंत. मग दार. कुठल्या दिशेला तोंड, कडी आतून की बाहेरून, कोयंडा शाबूत की उचकटलेला. मग प्रेत. डोकं कुठे, पाय कुठे, उताणं की पालथं, अंगावर काय. रक्ताचा डाग भिंतीपासून किती फुटांवर, तेही मोजून. ‘झटापट झाली असावी’ असलं काही पंचनाम्यात लिहायचं नाही. खुर्ची उलटी पडली आहे, एवढंच लिहायचं. अर्थ लावायचं काम वाचकाला करू द्या, त्याला त्यातच मजा येते.

सुरुवातीलाच आणखी एक चूक होते. प्रेत सापडलं की लगेच खुनाचा गुन्हा, असं नसतं. अंगावर वार असतील तर गोष्ट वेगळी. पण बाई विहिरीत सापडली, माणूस पंख्याला लटकलेला दिसला, तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. त्याला आम्ही ‘एडी’ म्हणतो. इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा, होतो, प्रेत शवविच्छेदनाला जातं. डॉक्टरांनी गळा आवळल्याचं सांगितलं की मग खून दाखल. मधले तास-दिवस लेखकासाठी सोन्यासारखे असतात. खुनी माणूस नातेवाइकांत बसून रडत असतो, आणि कागदावर अजून खून झालेलाच नसतो.

कथेची तारीखही पक्की करा. १ जुलै २०२४ आधीचा खून म्हणजे कलम ३०२, त्यानंतरचा भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणजे तुमच्या हवालदाराच्या एका हातात मोबाइल आला. आमच्या वेळी नुसता पॅड असायचा.

आता पंच. दोन माणसं हवीत, आणि रात्री दोन वाजता कुणी दार उघडत नाही. उघडलं तरी ‘साहेब, आम्हाला यात नका ओढू’ म्हणतात, कारण त्यांना ठाऊक असतं की पुढे काही वर्षांनी कोर्टात उभं राहून उलटतपासणी सोसायची आहे. आरोपीपेक्षा पंच घाबरलेला मी जास्त वेळा पाहिला. आणि तोच पंच पुढे फितूर होतो. असं पात्र घरबसल्या मिळत असताना लेखक त्याच्याकडे बघतही नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

कथेत आरोपी कोठडीत रडून कबुली देतो आणि प्रकरण संपतं. कोर्टात त्या कबुलीला किंमत नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. चालतो तो एक तुकडा: ‘कोयता जिथे लपवला ती जागा दाखवतो.’ हे पंचांसमोर बोलायचं, तिथेच लिहून घ्यायचं, मग सगळे गाडीत. गाडी आरोपी सांगेल तशी वळते. उतरल्यावर पुढे आरोपी, मागे पंच, त्यांच्यामागे आम्ही. कुणी चुकूनही त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वकील विचारणार, जागा कुणी दाखवली? त्यानं झुडपातून कोयता काढला की मी बॉनेटवर पॅड ठेवून लिहायचो. कागदात गुंडाळायचं, दोरा बांधायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, लाख वितळवून सील ठोकायचं. वाऱ्यात काडी विझते, लाख बोटावर पडते. हे लिहा ना!

लाखेवरून आठवलं. नोकरीच्या सुरुवातीला मी रक्ताचा ओला शर्ट घाईत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केला. तो आधी सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायला हवा होता. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि बुरशी धरते. कित्येक महिन्यांनी सीए, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा, रिपोर्ट आला: रक्तगट ठरवता आला नाही. साहेब काही बोलले नाहीत, फक्त रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून गेले. तुमच्या कथेतला पुरावा हरवायचा असेल तर लाचखोर शास्त्रज्ञ कशाला, एक घाईतला हवालदार पुरतो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येत नाही, हे आता कळलंच असेल. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीबंद होतो, सोबत पत्र आणि सीलचा नमुना घेऊन एक शिपाई तो मुंबईतल्या कलिना किंवा जवळच्या प्रयोगशाळेत पोचवतो. तिथे आधी सील जुळतं का ते बघतात. मृत्यूची वेळही डॉक्टर ‘नऊ चाळीस’ अशी सांगत नाहीत, काही तासांची मुदत देतात. उन्हाळ्यात प्रेत लवकर ताठरतं आणि ताठरपणा लवकर उतरतोही, हे लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

किरकोळ गोष्टी: मोबाइलच्या सीडीआरवरून, म्हणजे कॉलच्या नोंदींवरून, टॉवर कळतो, खोली नाही. ओळख परेड पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बहुधा नायब तहसीलदार, आणि तेव्हा पोलिसानं तिथे थांबायचं नसतं. नार्को चाचणी (औषध देऊन केलेली चौकशी) संमतीशिवाय करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगितलंय.

गेल्या महिन्यात एका लेखिकेला तिच्या शेवटच्या प्रकरणाचा पंचनामा लिहायला लावला. रात्री साडेअकराला तिचा फोन. “काका, घोटाळा झाला. दार आतून बंद आहे, खिडकीला गज आहेत. माझा खुनी बाहेर पडूच शकत नाही.”

“छताचं वर्णन केलंस?”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग कागद चाळल्याचा आवाज आला.