कथेतले स्थळ तपशिलांतून उभे करताना

‘ते कोकणातले गाव होते’ असे लिहिण्याऐवजी, चिऱ्याच्या गडग्यावर चढलेले शेवाळ आणि पडवीत टांगलेली, अजून ठिबकणारी इरली दाखवावीत, म्हणजे प्रदेश आणि ऋतू वाचकाला आपोआप कळतात. मात्र लघुकथेत जागा थोडी असल्याने दोन-तीनच तपशील निवडावेत, आणि ते दुसरीकडे कुठेही चालणार नाहीत असे असावेत. हिरवी झाडे आणि निळे आकाश सगळीकडेच असते.

तपशील पात्राच्या हातून यावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मराठवाड्यातली म्हातारी पावसाआधी माळवदावर पांढरी माती पसरत असेल, तर त्या एका कृतीतून घराची बांधणी, कुटुंबाची ऐपत आणि आभाळाकडे लागलेले तिचे डोळे एकदमच दिसतात. वर्णनासाठी कथा थांबवावी लागत नाही.

काळाचेही तसेच आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. त्यामुळे त्याआधीच्या कथेत दुकानदाराने हिशेब आणे-पैत करावा, साल सांगण्याची गरज उरत नाही. पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक वर्णन झाकून पाहावे, आणि ज्याच्यावाचून स्थळ पुसट होत नाही ते काढून टाकावे.