मनगटाचा पट्टा पटकन सुटत नव्हता, अंगठा बधिर व्हायचा: माझा अनुभव

मला संधिवात आहे, नवरा ऑटिस्टिक. प्रणयाच्या खेळात, दोघांच्या संमतीने, त्याचे हात मी बांधते. त्याच्या अंगठ्याची मागची बाजू बधिर व्हायची आणि बक्कल सोडवायला माझी बोटं वळायची नाहीत.

धातूच्या बेड्या नेमक्या अंगठ्याकडच्या नसेवर रुततात. सुती दोरीची गाठ ताण पडला की आवळते. एकदा ती सुटेचना, मला रडू फुटलं.

शेवटी पाच-सहा सेंटिमीटर रुंद, आतून मऊ वेल्क्रोचे पट्टे घेतले. मोकळ्या टोकाला जाड नाडीची कडी शिवली, अख्खी मूठ आत जाईल एवढी. आता चिमटीत धरावं लागत नाही, ओढलं की फर्रकन सुटतं. आधी स्वतःच्या मनगटावर करून पाहिलं. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, आणि हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. दर पाच मिनिटांनी त्याला बोटं हलवायला लावते. मुंग्या आल्या की लगेच सोडते. बोथट टोकाची कात्री उशाशी असते.

ताण वाढला की त्याची वाचा बंद होते, त्यामुळे ‘थांब’ हा ठरलेला शब्द निरुपयोगी. म्हणून त्याच्या हातात घुंगरांचा गुच्छ देते. पडला की सगळं थांबतं. हात पलंगाच्या कडेबाहेर ठेवायचा. गादीवर पडलेले घुंगरू ऐकूच येत नाहीत.